टाळू केव्हा शिवायची? लेकराचं बोलणं आणि जबड्याची वाढ



‘ओठ तिसऱ्या महिन्यात शिवला, मग टाळूही तेव्हाच का नाही शिवली? डॉक्टर म्हणतात वर्षाचं होऊ द्या. दुसरे म्हणतात थांबू नका. ऐकायचं कुणाचं?’ दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेल्या लेकराच्या आईबापांकडून हा प्रश्न हमखास येतो. माझं गाव कुरुंदा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. गावाकडं ‘पीएचडी करते’ म्हटलं की ‘म्हणजे डॉक्टरच की’ असं धरून चालतात आणि असले प्रश्न माझ्यापर्यंत येतात. मी औषधवाली डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. जखम भरताना पेशी कशा वागतात, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. पण या प्रश्नाच्या मुळाशी तेच आहे: जखम भरताना पडणारा व्रण आणि त्याच्या शेजारी वाढणारं हाड.

उत्तर थोडक्यात असं. टाळू लवकर शिवली तर बोलणं सुधारतं, पण वरच्या जबड्याची वाढ अडू शकते. उशिरा शिवली तर जबडा चांगला वाढतो, पण बोलणं बिघडतं. जगभरचे सर्जन शंभर वर्षं या दोन गोष्टींचा तोल शोधतायत. तो कुठे येऊन थांबला आणि का, ते आज बघू.

आधी ‘टाळू’ म्हणजे कोणती?

आपल्या भाषेत इथे एक मोठी गफलत होते. बाळाच्या डोक्यावरचा मऊ भाग, जो आजी तेल घालून ‘भरते’, तीही टाळू. आणि तोंड उघडल्यावर वर दिसतं ते छत, जिथं जीभ लावून आपण ‘टॉक्’ आवाज काढतो, तीही टाळूच. डोक्याची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत आपोआप भरते. तोंडातली दुभंगलेली टाळू आपोआप कधीच भरत नाही. डॉक्टर म्हणतात, ‘टाळू उघडी आहे’. घरातलं म्हातारं माणूस म्हणतं, ‘सगळ्या लेकरांची असती, भरंल’. आणि त्यात महिने जातात. तेव्हा दवाखान्यात बोलताना ‘तोंडातली टाळू’ असंच म्हणा आणि घरी आल्यावर बोट लावून दाखवा.

तोंडातल्या टाळूचे दोन भाग असतात. पुढचा कठीण, कारण त्यात हाड आहे. मागचा, पडजिभेकडचा, मऊ. त्यात स्नायू आहेत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गर्भात वरचा ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो. टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे लोंबत असतात, मग आडवे होतात आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास मध्यभागी एकमेकांना चिकटतात. हे जुळणं राहून गेलं की फट राहते. साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एका बाळात असं होतं. कारणं मिश्र असतात: काही अनुवंशिक, काही आईच्या पोटातल्या परिस्थितीची, जसं की धूम्रपान, फिटवरची काही औषधं, ताब्यात नसलेला मधुमेह. ग्रहणात आईनं विळी हातात घेतली म्हणून ओठ चिरला, हे आपल्याकडं अजून ऐकायला मिळतं. जरा हिशोब करा. ओठ जुळायची वेळ दुसऱ्या महिन्यात संपते. सातव्या महिन्यात पाहिलेल्या ग्रहणानं तो परत उघडत नाही. त्या आईला बोल लावायचं काहीच कारण नाही.

बोलण्याला टाळू कशाला लागते?

एक प्रयोग करून बघा. नाक चिमटीत धरा आणि ‘बाबा’ म्हणा. नीट येतं. आता तसंच नाक धरून ‘मामा’ म्हणा. अडकतं, आणि ऐकणाऱ्याला ‘बाबा’सारखंच वाटतं. ‘म’ला हवा नाकातून जावी लागते, ‘ब’ला जाऊ द्यायची नसते, म्हणून हे होतं.

नाकाचा रस्ता बंद करायचं काम मऊ टाळू करते. ती वर उचलली जाते आणि घशाच्या मागच्या भिंतीला टेकते, दार लावल्यासारखी. मराठीत म, न, ण सारखी मोजकी अनुनासिक व्यंजनं सोडली तर बाकी सगळ्या व्यंजनांना हे दार बंद लागतं. दार उघडंच राहिलं तर प्रयोगाच्या उलटं होतं: ‘बाबा’चा ‘मामा’ होतो, ‘दादा’चा ‘नाना’ होतो, आणि ‘प’, ‘ट’, ‘क’, ‘स’ म्हणताना हवा नाकातून निसटते. लेकरू मग दुसरी युक्ती काढतं. तोंडात दाब धरता येत नाही म्हणून आवाज घशातच अडवून काढतं. ही सवय एकदा लागली की नंतर दार दुरुस्त केलं तरी ती सहज सुटत नाही.

म्हणूनच वेळ महत्त्वाची. बाळ सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान ‘बाबाबा’, ‘दादादा’ करायला लागतं, वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. त्या वेळी तोंडाचं छत जागेवर असेल तर मेंदू योग्य आवाज पाठ करतो. शिवाय मऊ टाळूचे काही स्नायू कानाच्या आतली नळी उघडायचं काम करतात. ते जागेवर नसले की कानाच्या पडद्यामागं पाणी साचतं, ऐकू कमी येतं, आणि जे नीट ऐकू येत नाही ते नीट बोलताही येत नाही.

एवढं वाचून वाटेल, मग लवकरात लवकर शिवून टाका की! आता दुसरी बाजू.

शिवल्यानं जबडा का अडतो?

टाळूच्या ऑपरेशनमध्ये फट नुसती टाचून बंद करता येत नाही, कारण मध्ये कातडी कमी पडते. सर्जन दोन्ही बाजूंचं आवरण हाडापासून सोडवतात, मध्यभागी सरकवतात आणि थरांमध्ये शिवतात. बऱ्याच पद्धतींत दातांच्या आतल्या बाजूला थोडं हाड उघडं राहतं. काही आठवड्यांत त्यावर नवं आवरण येतं. पण ते मूळच्यासारखं मऊ, लवचीक नसतं. तो व्रण असतो.

जखम भरताना तिथं काही खास पेशी येतात. त्यांचं कामच आकसायचं, म्हणजे जखमेच्या कडा जवळ ओढायचं. हातावर भाजल्याचा डाग आखडतो तो यांच्यामुळे. हातावर हे चालून जातं. पण वाढत्या जबड्याच्या हाडाला आणि दातांच्या मुळांना धरून बसलेला आखडता व्रण म्हणजे वाढत्या वेलीला बांधलेली दोरी. वेल वाढू पाहते, दोरी मात्र वाढत नाही. नेदरलँड्समधल्या नाइमेखन विद्यापीठात बीगल जातीच्या कुत्र्यांवर बरेच प्रयोग झाले. टाळूवर फट नसतानाही नुसतं आवरण काढून हाड उघडं ठेवलं आणि व्रण पडू दिला, तरी त्या बाजूचे दात आत झुकले आणि जबड्याची कमान अरुंद झाली. म्हणजे दोष एकट्या फटीचा नाही, व्रणाचाही आहे.

वरच्या जबड्याची रुंदी आधी पूर्ण होते, मग लांबी, शेवटी उंची. त्यामुळे परिणाम टप्प्याटप्प्यानं दिसतो. लहानपणी दातांची कमान अरुंद. मग वयात येताना खालचा जबडा जोरात वाढतो, वरचा मागे राहतो, आणि सहाव्या वर्षी ठीक दिसणाऱ्या लेकराचे पंधराव्या वर्षी खालचे दात पुढे आणि चेहऱ्याचा मधला भाग खोलगट दिसतो. घरच्यांना वाटतं काहीतरी नवीन बिघडलं. खरं तर तो जुनाच हिशोब उशिरा पुढे आलेला असतो.

हे कळलं कसं?

यासाठी न शिवलेली माणसं बघावी लागतात. फट तशीच ठेवून माणूस मोठा झाला तर जबडा किती वाढतो? जर तोही खुजाच राहिला, तर दोष जन्माचा. चांगला वाढला, तर वाढ अडण्यात ऑपरेशनचा वाटा आहे.

अमेरिकेतले दंतवैद्य ग्रेबर यांनी १९४९ साली शस्त्रक्रियेमुळे वाढ अडते अशी शंका ठामपणे मांडली होती. १९५९ मध्ये मेक्सिकोच्या ओर्तिझ-मोनास्तेरिओ यांनी कधीच ऑपरेशन न झालेल्या प्रौढांच्या चेहऱ्यांचे एक्स-रे मोजले. वरचा जबडा जवळपास सर्वसाधारण माणसाइतका वाढलेला निघाला.

सर्वात प्रसिद्ध काम आपल्या शेजारचं, श्रीलंकेतलं. लंडनचे डॉ. मायकल मार्स १९८४ पासून तिथं जाऊ लागले. गरिबीमुळे आणि अंतरामुळे उपचारच न मिळालेली मोठी माणसं तिथं बऱ्याच संख्येनं होती. १९९० मध्ये मार्स आणि ह्यूस्टन यांनी तेरा वर्षांपुढच्या पुरुषांचे तीन गट तपासले: काहीच न शिवलेले, लहानपणी फक्त ओठ शिवलेले, आणि ओठ व टाळू दोन्ही शिवलेले. काहीच न शिवलेल्यांचा वरचा जबडा चांगला पुढे आलेला. उलट ओठाचा दाब नसल्यानं पुढचे दात बाहेर झुकलेले. फक्त ओठ शिवलेल्यांचीही वाढ बरीच चांगली. मागे पडलेला जबडा दिसला तो मुख्यतः तिसऱ्या गटात. म्हणजे वाढायची ताकद जन्मतः असते. लहानपणी टाळूवर झालेली शस्त्रक्रिया तिला अडवते.

यावर सगळ्यांचं एकमत आहे असं नाही. ब्राझीलमधल्या बाउरूच्या संशोधकांना त्यांच्या रुग्णांमध्ये ओठाच्या ऑपरेशनचाच परिणाम मोठा दिसला. घट्ट शिवलेला ओठ बाहेरून जबड्याला दाबून धरतो, असं त्यांचं म्हणणं. आणि कॅनडाच्या रॉस यांनी १९८७ मध्ये वेगवेगळ्या केंद्रांतले रुग्ण ताडून पाहिले, तेव्हा कठीण टाळू पहिल्या दहा वर्षांत नेमकी कधी शिवली, यानं जबड्याच्या वाढीत फारसा फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे लहान वयातच थोडं पुढे-मागे केल्यानं जबडा वाचतोच, असंही नाही.

मग थांबलं तर?

हाही मार्ग चोखाळून झालाय. १९२१ मध्येच गिलीज आणि फ्राय यांनी सुचवलं होतं की मऊ टाळू शिवा आणि कठीण टाळूची फट कवळीसारख्या झाकणानं बंद ठेवा. १९४४ पासून जर्मनीतल्या मारबुर्गला श्वेकेनडीक यांनी हे प्रत्यक्षात आणलं. मऊ टाळू लहानपणी, कठीण टाळू थेट बारा-चौदा वर्षांची झाल्यावर. जबडे छान वाढले. पण १९८० च्या दशकात बाहेरच्या तज्ज्ञांनी त्या रुग्णांचं बोलणं तपासलं तेव्हा अनेकांचं बोलणं नाकातून येणारं, समजायला अवघड निघालं.

श्रीलंकेतही तेच. ज्यांची टाळू मोठेपणी शिवली, त्यांचं बोलणं शस्त्रक्रियेनंतरही फारसं सुधारलं नाही, असं सेल आणि ग्रनवेल या वाचातज्ज्ञांनी १९९० मध्ये दाखवलं. दार बसवलं, पण घशातून बोलायची सवय गेली नाही.

आता तुम्हीच ठरवा. सुबक चेहऱ्याचा, पण वर्गात तोंड न उघडणारा मुलगा हवा, की नीट बोलणारा, पण जबडा थोडा मागे राहिलेला? हा सौदा कुणालाच आवडत नाही. पण एक गोष्ट पारडं झुकवते. मागे राहिलेला जबडा सोळा-अठराव्या वर्षी पुढे आणता येतो. हुकलेलं बोलण्याचं वय परत आणता येत नाही. म्हणून जगभर बहुतेक ठिकाणी निर्णय बोलण्याच्या बाजूनं झाला: टाळू वर्षाच्या आसपास, फार तर दीड वर्षापर्यंत.

सहा महिने की बारा?

पुढचा प्रश्न बारीक आहे, पण त्याचं उत्तर आता चांगल्या प्रयोगातून मिळालंय. २०२३ मध्ये ‘टॉप्स’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतली २३ केंद्रं, ५५८ बाळं. सगळ्यांची फक्त टाळू दुभंगलेली, ओठ ठीक. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले: अर्ध्यांची टाळू सहाव्या महिन्यात शिवायची, अर्ध्यांची बाराव्या. पाचव्या वर्षी बोलणं तपासलं. मागचं दार नीट न लागणारी मुलं सहा महिन्यांच्या गटात ८.९ टक्के, बारा महिन्यांच्या गटात १५ टक्के. ऑपरेशननंतरच्या गुंतागुंती दोन्हीकडे कमी आणि सारख्याच.

मग आपल्याकडंही सहाव्या महिन्यातच करावं का? जरा थांबा. पहिलं, ही बाळं भूल सोसण्याइतकी धडधाकट होती, आणि अनुभवी भूलतज्ज्ञ असलेल्या केंद्रांत होती. दुसरं, यात ओठ आणि हिरडीपर्यंत फाटलेली बाळं नव्हती. जबड्याचा प्रश्न त्यांच्यातच जास्त असतो. तिसरं, पाच वर्षांच्या मुलाचा जबडा पूर्ण वाढलेला नसतो; तो हिशोब वयात आल्यावरच कळेल.

ओठ, हिरडी आणि टाळू एका बाजूनं पूर्ण दुभंगलेल्या मुलांवरचा मोठा प्रयोग म्हणजे ‘स्कँडक्लेफ्ट’: चार नॉर्डिक देश आणि ब्रिटनमधली केंद्रं, ४४८ मुलं, निष्कर्ष २०१७ मध्ये. त्यातल्या एका भागात कठीण टाळू बाराव्या महिन्यात विरुद्ध छत्तिसाव्या महिन्यात, अशी तुलना होती. पाचव्या वर्षी बाराव्या महिन्यातल्या गटाची व्यंजनं जास्त अचूक होती. आणि दातांच्या कमानीत? उशिरा शिवल्याचा ठळक फायदा दिसला नाही. म्हणजे ज्या जबड्यासाठी थांबायचं, तो फायदा त्या वयात तरी हाती लागला नाही, आणि बोलण्याची किंमत मात्र मोजावी लागली.

आणखी एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. युरोपातल्या सहा केंद्रांची तुलना करणारा ‘युरोक्लेफ्ट’ अभ्यास १९९२ मध्ये आला. दहाएक वर्षांच्या मुलांच्या दातांचे प्लास्टरचे साचे १ ते ५ अशा गटांत लावले. १ म्हणजे उत्तम, ५ म्हणजे जबड्याची शस्त्रक्रिया जवळपास अटळ. ही मोजपट्टी मार्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९८७ मध्ये बनवली. केंद्राकेंद्रांत मोठा फरक निघाला. चांगले निकाल एकेका मुलावर जास्त उपचार करणाऱ्यांकडे नव्हते. ठरलेल्या पद्धतीनं काम करणाऱ्या, मोजक्या अनुभवी सर्जनांच्या केंद्रांकडे होते. म्हणजे ‘कधी’ इतकंच ‘कोण, कुठे आणि किती हळुवार हातानं’ हेही मोजलं जातं. व्रण जितका कमी, तितका जबडा मोकळा.

आपल्याकडचं काय?

या विषयात महाराष्ट्राचं स्थान मोठं आहे. भारतातला पहिला स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग १९५० च्या दशकाच्या अखेरीस नागपूरच्या मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभा केला. दुभंगलेल्या ओठ-टाळूचे प्रकार नोंदवायची त्यांची सोपी पद्धत ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून ओळखली जाते: पहिला गट ओठ, दुसरा टाळू, तिसरा ओठ-हिरडी-टाळू तिन्ही. केसपेपरवर गट लिहिलेला दिसला तर त्याचा अर्थ हा असू शकतो. तुमच्या लेकराचा गट विचारून घ्या. जबड्याची काळजी मुख्यतः तिसऱ्या गटाला करायची असते.

मूळचे पंढरपूरचे, न्यूयॉर्कला स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित १९६८ पासून दरवर्षी येऊन मोफत शिबिरं घ्यायचे. अपघातानं चाकाच्या खुर्चीत बसावं लागलं तरी त्यांचं काम थांबलं नाही. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या काळात जिल्ह्यात प्लास्टिक सर्जन नव्हता, त्या काळात अशा शिबिरांनी हजारो चेहरे बदलले. पण कोणत्याही शिबिराची एक मर्यादा असते: तारीख शिबिराची असते, वय लेकराचं. शिबिराच्या दिवशी बाळ तीन महिन्यांचं असेल तर ओठ होतो. टाळूची वेळ येते तेव्हा शिबिर नसतं. आणि ओठ शिवला की चेहरा नीट दिसतो, पाहुणेरावळे ‘झालं की बरं’ म्हणतात, आणि टाळू, जी बाहेरून कुणाला दिसतच नाही, ती राहून जाते.

आता परिस्थिती बरीच बदललीय. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘स्माइल ट्रेन’ संस्थेच्या मदतीनं अनेक खासगी रुग्णालयांत ही ऑपरेशनं मोफत होतात. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते, दुभंगलेला ओठ-टाळू त्याच्या यादीत आहे, आणि पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा यायला हवं. आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना सांगा, त्या पुढची चिठ्ठी देऊ शकतात.

तरी वेळ चुकते, आणि ती का चुकते हे मी आमच्या भागाकडे बघून सांगू शकते. ओठाच्या ऑपरेशनसाठी पूर्वापार ‘दहाचा नियम’ आहे: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. फाटलेल्या टाळूमुळे बाळाला दूध ओढता येत नाही, वजन वाढत नाही, रक्त कमी भरतं, आणि तारीख पुढे जाते. टाळूची तारीख कुणी दिवाळीनंतरची दिली, तर तेव्हा ऊसतोड सुरू होते. शिमग्याच्या सुमारास हळद काढणी आणि शिजवणी. घरातली दोन माणसं आठवडाभर दवाखान्यात बसली तर मजुरी बुडते. म्हणून बाळ तीन महिन्यांचं असतानाच टाळूचा महिना ठरवून घ्या, आणि टोळीबरोबर जाणार असाल तर डॉक्टरांना तसं आधी सांगा. ते महिनाभर अलीकडची तारीख देऊ शकतात. तुम्ही सांगितलंच नाही तर त्यांना कळायचं कसं?

वजनासाठी: बाळाला आडवं पाजू नका, टेकवून उभट धरा. आईचं दूध काढून वाटी-चमच्यानं किंवा आजीच्या काळातल्या बोंडल्यानं थोडं थोडं द्या, मध्ये ढेकर काढा. दर पंधरा दिवसांनी वजन करा.

वयाप्रमाणे वेळापत्रक

केंद्रागणिक थोडा फरक पडतो, पण साधारण असं:

- पहिला आठवडा: दूध पाजायची पद्धत शिकणं, हृदय आणि इतर तपासणी.
- ३ ते ६ महिने: ओठ.
- ९ ते १८ महिने: टाळू. बहुतेक ठिकाणी वर्षाच्या आसपास.
- २ ते ५ वर्षे: बोलणं आणि कान यांची नियमित तपासणी. नाकातून आवाज येत असेल तर स्पीच थेरपी; गरज पडली तर मऊ टाळूचं दुसरं ऑपरेशन.
- ८ ते ११ वर्षे: हिरडीतली फट कमरेच्या हाडाचा चुरा घालून भरणं, कायमचा सुळा यायच्या आधी. बॉइन आणि सँड्स यांनी १९७२ मध्ये ही वेळ सांगितली. त्याआधी हे हाड तान्हेपणीच घालून बघितलं होतं, आणि जबड्याची वाढ अडते असं दिसल्यावर बहुतेकांनी ते सोडून दिलं.
- १२ वर्षांपुढे: दातांना तारा.
- १७-१८ वर्षे: जबडा फारच मागे असेल तर तो कापून पुढे आणायची शस्त्रक्रिया. ती सगळ्यांना लागत नाही.

या यादीत एक गोष्ट बघा. पहिल्या दीड वर्षात दोन ऑपरेशनं होतात, पण काम अठराव्या वर्षापर्यंत चालतं. जबड्याबाबत आपण जो सौदा केला, त्याची परतफेड शेवटच्या तीन ओळींत आहे. टाळू वर्षात शिवून घेतली आणि नंतर दातांच्या डॉक्टरांकडे फिरकलोच नाही, तर सौद्याची अर्धीच बाजू पाळली असं होतं.

वेळ टळून गेली असेल तर?

लेकरू पाच वर्षांचं झालंय आणि टाळू उघडीच आहे, तरी न्या. जेवण नाकातून यायचं थांबेल, कानाचा त्रास कमी होऊ शकेल, आणि बोलणंही स्पीच थेरपीसोबत काही प्रमाणात सुधारू शकतं. फक्त नुसत्या ऑपरेशननं बोलणं सुधारेल असं धरू नका. थेरपी ही त्या उपचाराचा अर्धा भाग आहे. आणि मुलगा पंधराचा आहे, जबडा मागे दिसतोय, म्हणून लहानपणीच्या सर्जनला दोष द्यायची घाई करू नका. बहुधा त्यांनी बोलणं वाचवायला तो धोका जाणूनच घेतला होता. आता दातांच्या डॉक्टरांना भेटायची वेळ आहे.

पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की हे चार प्रश्न विचारा: लेकराचा गट कोणता? टाळू कोणत्या महिन्यात? बोलणं कोण आणि कधी तपासणार? आठव्या वर्षी हिरडीसाठी कुठे यायचं? उत्तरं केसपेपरवर लिहून मागा आणि ती फाइल अठरा वर्षं जपून ठेवा, घराच्या सातबाऱ्यासारखी.